डोमाजीच्या गळ्यातली शिट्टी

एकतीस वर्षं मी एस.टी.त कंडक्टर होतो आणि एकही तिकीट खोटं फाडलं नाही. खोटं जे काय, ते सगळं तोंडानं. हिंगणघाटच्या गाडीच्या टपावर एकदा कोहळ्याचं बी पडलं. अल्लीपूर येईतो वेल खिडकीतून आत आला, आणि हिंगणघाटच्या स्टँडवर पाहतो तर टपावर दीड मणाचं कोहळं. मी त्याचं अर्धं तिकीट फाडलं, कारण ते बारा वर्षांच्या आतलं होतं. धाम नदीतल्या एका मगरीला मीच तंबाखूची सवय लावली. आता ती चुनाही मागते, म्हणून मी त्या काठानं जात नाही.

लोक हसतात. कोणी विश्वास ठेवत नाही, आणि ठेवावा अशी माझीही अपेक्षा नसते. मी फेकायचं, त्यांनी हसायचं, आणि चहा त्यांच्याकडून. सत्तरी उलटली तरी हा व्यवहार चोख चालला होता. मात्र गेल्या ऑक्टोबरात माझ्या एका वाक्यावर सगळ्यांनी एका झटक्यात विश्वास ठेवला. त्यात कोहळं नव्हतं, मगर नव्हती. तीनच शब्द होते.

त्यानंतर महिन्याभरानं धीरज सर सिंदी मेघेला माझ्या घरी आले. हे शाळेचे स्काऊट मास्तर. शाळेचं नाव सांगत नाही. वर्ध्याची एक शाळा म्हणा आणि पुढं चला. त्यांच्या हातात पत्रिका होती. स्काऊट-गाईड निवासी शिबिराला मदत करणाऱ्या स्वयंसेवकांचा आभार समारंभ, शनिवारी सकाळी दहा वाजता. खाली नावं होती. साठ लेकरांना तीन दिवस रांधून घालणाऱ्या अनुसयाबाई. तंबू आणि भांडी ट्रॅक्टरनं पोचवणारे तानबा. मग मी, 'कथाकथन'. आणि सगळ्यात खाली, 'कै. डोमाजी, सरपण, पाणी व राखण'.

"आबाजी, आभाराचं भाषण तुम्हीच करायचं," सर म्हणाले. "तुमच्याशिवाय लोक हसत नाहीत."

"हसायचं काय आहे त्यात?"

"म्हणूनच तर. डोमाजीची बायको येणार आहे. वातावरण जड होईल ना हो. दोन मिनिटं श्रद्धांजली झाली की तुम्ही माईक घ्या आन् पब्लिकले मोकळं करा."

मी पत्रिका उलटीपालटी केली. मागं काहीच नव्हतं.

"आणि ते स्वीटीचे वडील आले होते शाळेत," सर उठता उठता म्हणाले. "पोरगी अजून झोपत नाही म्हणे. पी.टी.ची शिट्टी वाजली की कानात बोटं घालते. तुमची गोष्ट लयच भारी झाली, आबाजी."

ते हसले. मीही हसलो. ते गेल्यावर मी कपाट उघडलं, जुन्या खाकी कोटाच्या खिशात हात घातला, आणि शिट्टी जागेवर आहे हे पाहून पुन्हा बंद केलं.

आता शिबिराचं सांगतो.

जंगलाला लागून, टेकडीच्या मागं, एक पाझर तलाव आहे. तिथं तंबू लागले. पलीकडे पाचपन्नास घरांची गोंडांची वस्ती, डोमाजी तिथला. पंचेचाळीसचा असेल. कधी जंगल खात्याच्या मजुरीवर, कधी कोणाच्या वावरात. पहिल्या दिवशी तो सरपणाची मोळी टाकायला आला आणि राहिलाच. पाणी त्यानं भरलं, तंबूभोवतीचं गवत त्यानं कापलं, रात्री शेकोटीजवळ राखणीला तोच. बोलायचा कमी. बायकोशी गोंडीत, आमच्याशी मराठीत, आणि दोन्हीत सारखाच कमी.

लेकरांच्या शिबिरात नेऊ नये अशी एक चपटी मी पिशवीत नेली होती. पहिल्या रात्री त्याच्यापुढं धरली.

"घे रे, थंडी उतरते."

"नाई आबाजी. सोडली. दोन साल झाले."

"बायकोनं सोडवली?"

"बडादेवापुढं बोललो. पोरगी मोठी होऊन राह्यली ना."

त्यानं बाटली अशी अलगद बाजूला सारली, जसं कोणी झोपलेलं मांजर सारतं. मग मी एकट्यानंच घेतली. हे लक्षात ठेवा, कारण मी विसरलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोहाच्या झाडाखाली वर्ग भरला. आधी धीरज सरांनी शिट्टीच्या खुणा शिकवल्या. एक लांब शिट्टी म्हणजे सावधान, असाल तिथं ताठ उभं राहायचं, तोंडातून शब्द नाही. तीन शिट्ट्या, थांबून पुन्हा तीन, म्हणजे कोणीतरी संकटात आहे, मदतीला धावा. मग प्रेरणा मॅडम उभ्या राहिल्या. त्या मुलींच्या गाईड तुकडीच्या. त्यांनी दोरीचा साप केला आणि स्वीटी नावाच्या पाचवीतल्या पोरीच्या पायाला लावला.

"साप चावला तर काय करायचं?"

"पळायचं!" पोरं ओरडली.

"अजिबात नाही. पळालं की विष लवकर चढतं. जागेवर बसायचं. पाय सरळ ठेवायचा, हलवायचा नाही. आणि शिट्टी वाजवायची."

डोमाजी डोक्यावर मोळी घेऊन जात होता. तो थांबला, मोळी खाली ठेवली आणि पोरांच्या मागं उकिडवा बसला.

"मॅडम," तो म्हणाला, "एकटा असंल तं? आमी तं चालत येतो घरी."

"चालायचं नाही, दादा. बसायचं. शिट्टी ऐकली की आपली माणसं येतात."

"येतात काय?"

"येणारच. म्हणून तर खुणा शिकायच्या."

डोमाजीनं मान हलवली. मग पोरांच्या आग्रहावरून त्यानंही करून दाखवलं. झाडाला पाठ टेकली, पाय सरळ केला, टाचेखाली आपला दुपट्टा घडी करून ठेवला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम म्हणाल्या, "बघा, असं. सगळ्यात बरोबर यांनी केलं." आयुष्यात शाळेच्या माणसानं त्याला पहिल्यांदा बरोबर म्हटलं असेल. तो इतका लाजला की मोळी उचलताना दोर सुटला.

संध्याकाळी धीरज सरांनी मला बाजूला घेतलं. आदल्या रात्री दोन पोरं तंबूतून निघून तलावावर गेली होती. "आबाजी, असं काहीतरी सांगा की रात्री एकानंही पाय बाहेर टाकला नाही पाहिजे."

हे काम माझ्या हातचं होतं. शेकोटीपाशी मी एक मुकादम उभा केला. फार वर्षांपूर्वीचा, लाकूडतोडीच्या ठेकेदाराचा. या जंगलात तो वाट चुकला. गळ्यात शिट्टी होती. तीन वाजवायचा, थांबायचा, पुन्हा तीन. तीन दिवस वाजवली, कोणी आलं नाही. चौथ्या दिवशी मेला, पण शिट्टी काही थांबली नाही. अजून पहाटे वाजते. जो मदतीला जातो, त्याच्या गळ्यात मुकादम आपली शिट्टी अडकवतो आणि स्वतः सुटतो. मग वाजवत बसायचं या नव्या माणसानं.

"म्हणून," मी आवाज खाली आणला, "तीन शिट्ट्या ऐकू आल्या की काय करायचं? कानात बोटं. डोक्यावर चादर. हलायचं नाई."

दुपारच्या वर्गातल्या तीन शिट्ट्या मी मुद्दाम उचलल्या होत्या. पोरांना ठाऊक असलेल्या वस्तूचंच भूत केलं की ते जास्त चावतं. हा माझा जुना हातखंडा.

प्रेरणा मॅडम जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "आबा, तीनचं नको होतं. पोरं गोंधळतील."

"उद्या घरी जातात, मॅडम. एका रात्रीत काय होते?"

पोरं तंबूत गेली ती अशी गेली की आतून नाड्या बांधून घेतल्या. पण माझं पोट भरलं नव्हतं. गोष्ट सांगितली की तिला शेपूट लागतं. माझ्याकडे एस.टी.तली पितळी शिट्टी होती, गाडी मागं घेताना वाजवायची. ती मी नेहमी खिशात ठेवतो. मी ती डोमाजीपुढं धरली.

"पहाटे सरपणाले जाशील तवा तीनदा फुंकजो. पोरं चड्डीत मुततीन."

"नाई आबाजी. मॅडमनं सांगतलं ना, मुसीबतीत वाजवाची."

"अरे मजाक हाय. एक दिवस."

"खोटं वाजवाले मले नाई जमत."

"जमते रे! एवढा मोठा गडी, फुंकता येत नाई तुले?" असं म्हणून मी दोरी त्याच्या गळ्यात घातली. त्यानं काढली नाही. वडीलधाऱ्या माणसानं गळ्यात घातलेलं तो काढणाऱ्यातला नव्हता. मी धीरज सरांच्या तंबूत डोकं घालून सांगून आलो, "पहाटे गंमत आहे, उठू नका." शिट्टी कोणाकडे दिली ते सांगितलं नाही. गंमत आपल्या नावावर असावी एवढा लोभ मला आहे.

मी बाहेरच, तंबूंच्या कडेला, खाटेवर झोपलो होतो. दिशा उजळायला लागल्या आणि शिट्टी वाजली. तीन.

मी चादरीत तोंड खुपसून हसलो. जमत नाई म्हणत होता लेकाचा!

थांबली. पुन्हा तीन. साठ पोरांच्या तंबूंतून एक हूं की चूं नाही. एका तंबूत कोणीतरी मुसमुसत होतं. पुन्हा तीन. धीरज सरांचा झोपेतला आवाज आला, "आबाजी, बस्स करा आता, झोपू द्या!" कोणीतरी मोठं माणूस हसलं. पुन्हा तीन. आता मला वाटलं, गडी रंगात आला, जरा जास्तच करून राह्यला. मजाक कुठं थांबवावी याचा सराव नाही बिचाऱ्याला. मग शिट्ट्या बारीक झाल्या. मधलं थांबणं लांबलं. मी मनात म्हटलं, थकला. आणि कूस बदलली.

सात वाजता चुलीवर चहा चढला होता आणि लाकूड संपलं होतं. अनुसयाबाई ओरडली, "आबाजी, तुमचा डोमाजी कुठं मेला?" बायका बोलतात तसं ती बोलली, तिला बोल लावू नका. मी त्याला शोधायला निघालो. चांगल्या चार शिव्या तयार ठेवल्या होत्या.

तो साजाच्या झाडाला टेकून बसला होता. पाय सरळ. टाचेखाली दुपट्ट्याची घडी. घोट्याच्या वर दोन टिपके आणि पाय सुजून काळानिळा. मोळी बाजूला, अर्धी बांधलेली, तिच्या बुडाशी वाळलेल्या ओंडक्यांचा ढीग उसकटलेला. नाग त्यातच असणार. डोळे अर्धे उघडे, आमच्या तंबूंकडे. तिथून चुलीचा धूर दिसत होता. शिट्टी खालच्या ओठाला चिकटलेली होती.

त्यानं एक पाऊल टाकलं नव्हतं. जमीन तशीच होती. चालत आला असता तर आला असता, त्यांच्यातली माणसं यायचीच. पण त्याला बसायला सांगितलं होतं.

आता मी जे केलं ते सांगतो. मी हाक मारली नाही. आधी त्याच्या गळ्यातली दोरी काढली. ती कानाला अडकली. मी कान वाकवून सोडवली. शिट्टी कोटाच्या खिशात टाकली. आणि मग ओरडलो.

सगळे धावत आले. धीरज सरांनी डोक्यावर हात मारला. "एवढ्या जवळ! हाक काऊन नाही मारली यानं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण पहिला मी पोचलो होतो.

मी म्हणालो, "तो पेला असंल."

एवढंच. माझ्या जन्मातली सगळ्यात आखूड थाप. रंग नाही, शेपूट नाही. आणि कोणी हसलं नाही. तानबानं मान हलवली, "तेच असंल." एकजण म्हणाला, "ह्या लोकांचं असंच असते." पुढं गाडी आली, दवाखाना झाला, कागद झाले, सापाच्या दातांच्या खुणा पायावर होत्याच, पिण्याबद्दल कोणी पाहिलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. संध्याकाळपर्यंत 'असंल'चं 'होता' झालं. धीरज सरांनी एकदाच विचारलं, "पहाटेची शिट्टी तुमचीच ना, आबाजी?"

"मीच," मी म्हणालो. ते खरंही वाटत होतं. शिट्टी माझीच तर होती.

त्या झाडापासून तंबूंपर्यंत परत येताना मी पावलं मोजली होती. चारशे दहा.

समारंभाच्या दिवशी मी खाकी कोट घातला. शाळेच्या पटांगणात धुरपता उभी होती, डोमाजीची बायको. नळाजवळ, एकटी. आत खुर्च्या मांडल्या होत्या, पण ती आत गेली नव्हती. मला पाहून पुढं आली.

"आबाजी, तुमीच पैले पाहिलं ना त्याले?"

"हो बाई."

"तुमाले वास आला काय?"

मी नळाकडे पाहिलं. नळ थेंब थेंब गळत होता.

"वस्तीत हासतात," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "बडादेवापुढं बोलून फिरला म्हंतात. पोरगी म्हंते, बाबा खोटा निंघाला. तिनं त्याचा फोटो उलटा करून ठेवला. मी म्हनते नाई, तो पेत नव्हता, तं मलेच येडी म्हंतात. मले दुसरं काई नाई पायजे. शाल नाई पायजे. एवढंच सांगा, पेला होता का नाई? पेला असंल तं पेला. मी बी मंग तसंच म्हनीन आन् गप बसीन."

एवढ्यात धीरज सरांनी दारातून हात केला. "चला, चला, पाहुणे आले!"

"सांगतो," मी म्हणालो. "आत चला."

कार्यक्रम रीतीनं झाला. अनुसयाबाईला साडी आणि नारळ. पोरांनी तिला पावसाची टाळी दिली. ती स्काऊटांची खास टाळी, आधी एका बोटानं, मग दोन, मग तीन, पाचही बोटांनी धो धो, आणि पुन्हा उतरत एकावर. तानबाला टोपी आणि नारळ. पुन्हा पाऊस. मग धुरपताला वर बोलावलं. शाल तिच्या खांद्यावर ठेवली ती घसरली, तिनं धरली नाही, मॅडमनी धरली. दोन मिनिटं सगळे उभे राहिले. खाली बसल्यावर धीरज सर माईकवर म्हणाले, "जे झालं ते फार वाईट झालं. पण कोणाचा दोष नाही. काही सवयींपुढे माणूस हतबल असतो. ते असो. आता आभारासाठी मी आपल्या लाडक्या आबाजींना विनंती करतो."

मी माईकपाशी जाईपर्यंत पहिल्या दोन रांगा हसायला लागल्या होत्या. माझं तोंडच तसं आहे.

"पहाटेची शिट्टी मी वाजवली नाही," मी म्हणालो.

हशा.

"मी खाटेवर होतो. शिट्टी डोमाजीनं वाजवली."

मोठा हशा. मागून एक बाप्या ओरडला, "मुकादम आला रे!" पोरं एकमेकांना कोपरं मारायला लागली.

"हसू नका. त्याला नाग चावला होता. मॅडमनं शिकवलं तसं तो बसला. पाय सरळ ठेवला. तीन-तीन शिट्ट्या वाजवल्या. आपण सगळ्यांनी ऐकल्या."

तानबा पुढच्या रांगेत मांडीवर थाप मारत होता. "आबाजी, ते नको, कोहळ्याचं तिकीट सांगा!"

"तो पेला नव्हता. दोन वर्षं पेत नव्हता. मी बाटली दिली ती त्यानं घेतली नाही. 'पेला असंल' हे मी बोललो. ते खोटं होतं."

कोणीतरी पावसाची टाळी सुरू केली. एका बोटानं, दोन बोटांनी. लोकांना वाटलं आता मोठं काहीतरी येणार. धीरज सर हसत हसत डोळे पुसत होते, आणि कानाशी येऊन म्हणाले, "आबाजी, जरा हलकं, बाई बसल्या आहेत." लोकांना हसवायचं कसं हे मला पाठ आहे. हसू थांबवायचं कसं, हे मात्र मी कधी शिकलोच नव्हतो. मी माईकसमोर उभा आणि पाऊस पाच बोटांवर आला.

"आबा खाटेवर होते."

आवाज बारीक होता. पण माईक चालू होता आणि पोरगी अगदी समोर, म्हणून तो सगळीकडे गेला. स्वीटी उभी राहिली होती. निळ्या गणवेशात, दोन्ही हात अर्धे वर, कानांच्या जवळ, घालू की नको असे.

"खाली बस, बेटा," धीरज सर म्हणाले.

"मी पाहिलं. तंबूच्या फटीतून. आबा खाटेवर हसत होते. शिट्टी झाडातून येत होती." ती एका दमात बोलत होती, पाढे म्हटल्यासारखी. "मी मोजल्या. तीन-तीन अशा अकरा वेळा. मग दोन. मग एक. मी कानात बोटं घातली होती पण ऐकू येत होत्या. मले जायचं होतं. आबांनी सांगितलं होतं जाऊ नका."

टाळी बोटाबोटानं कमी झाली. रीतीनं उतरते तशीच, पण यावेळी कोणी ठरवून उतरवत नव्हतं.

प्रेरणा मॅडम भिंतीला टेकल्या. मी कोटाच्या खिशात हात घातला आणि शिट्टी काढली. पितळ महिन्याभरात काळवंडलं होतं. "ही त्याच्या ओठाला होती," मी म्हणालो. "मी काढून घेतली. तुम्हाला कळू नये म्हणून."

आता कोणी हसत नव्हतं. मी धुरपताकडे गेलो. ती खुर्चीत ताठ बसली होती, शाल घडी करून मांडीवर.

"पेला नव्हता, बाई. पूर्ण शुद्धीत होता. पोरीले सांगा."

तिनं शिट्टीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"शुद्धीत होता," ती म्हणाली.

"हो."

"म्हंजे वाट पाहून राह्यला होता."

मी शिट्टीवरचा काळा डाग अंगठ्यानं पुसला.

"लय वेळ?"

स्वीटीनं मोजलं होतं ते सगळ्यांनी ऐकलं होतं. धुरपतानंही. तरी तिनं विचारलं.

"लय वेळ," मी म्हणालो.

तिनं हात पुढं केला. मी शिट्टी तिच्या तळहातावर ठेवली. तिनं दोरी गळ्यात घातली नाही. शिट्टी ओठांना लावली आणि फुंकली. नुसती हवा गेली. पुन्हा फुंकली, तेव्हा वाजली. तिला खुणा माहीत नव्हत्या. तिनं एवढंच केलं की छातीत होता तेवढा श्वास त्यात घातला. एक शिट्टी, लांब, लांब, संपतच नव्हती.

साठच्या साठ पोरं उभी राहिली. खाड्‌कन. सावधान. टाचा जुळलेल्या, मुठी मांडीला, नजर समोर. त्यांना शिकवलं होतं तसं. स्वीटीचेही हात कानांवरून खाली आले.

शिट्टी थांबली. धुरपतानं ती पदराच्या टोकाला बांधली, गाठ मारली, ओढून पाहिली. घडी केलेली शाल खुर्चीवर ठेवली, वर नारळ ठेवला, तो घरंगळू नये म्हणून शालीचं टोक त्याला लावलं. तिच्या बोलीत काहीतरी म्हणाली. आम्हाला उद्देशून नव्हतं. आणि मधल्या वाटेनं, दोन्ही बाजूंच्या ताठ उभ्या लेकरांमधून, निघून गेली.

पटांगणातलं फाटक वाजलेलं आत ऐकू आलं. धीरज सर माझ्याकडे पाहत होते, मी धीरज सरांकडे. पोरं उभीच होती. विश्राम म्हणायचं आमच्यातल्या कोणालाच सुचलं नाही.